एका सांबरापुरता उतारा

पायात तारेचा फास अडकलेल्या सांबराला पशुवैद्य प्रियंकानं सकाळी सातला बंदुकीनं भुलीची सुई मारली, आणि ते आडवं पडायच्या आत तुरीत शिरून दिसेनासं झालं. फास काढायचा, उताऱ्याचं औषध टोचून त्याला उठवायचं, एवढंच काम होतं. वेळेत उतारा मिळाला नाही, तर या भुलीत श्वासच थांबतो. म्हणून ती न थांबता शोधत राहिली.

दुपारी वनरक्षक भीमराजला तुरीत रक्त सापडलं. बाजूला बैलगाडीच्या चाकांच्या ताज्या खुणा.

"कापून नेलं त्याले कोनीतरी," तो म्हणाला. "आता कायले धावता, मॅडम?"

"औषध त्याच्या अंगात आहे, दादा. शिजवलं तरी ते सगळं जात नाही."

भीमराजनं जीप सुरू केली.

खुणा जवळच्या वस्तीत एका घरापुढं जाऊन थांबल्या. दारात साक्षगंधाचा, म्हणजे साखरपुड्याचा मंडप होता. उष्ट्या पत्रावळींपाशी पाच-सहा कुत्री पसरली होती. जीप पार अंगाशी आली तरी एकानंही मान उचलली नाही. प्रियंकाच्या बॅगेत उताऱ्याची एकच बाटली होती.

भीमराजनं जोरात हाक मारली. घरातून एक बाई ओठांवर बोट ठेवून बाहेर आली.

"हळू बोला ना भाऊ. जेवल्याबरोबर साऱ्यायले झोप लागली."