ज्यानं नाव सुचवलं

“शेअर विकायचा न्हाई. बिलकुल न्हाई,” रायभानने टेबलावर थाप मारली. चहाचे कागदी कप हलले. जालन्याच्या एमआयडीसीत रायभानचा वजनकाटा होता आणि काट्याच्या या खोलीत दर शुक्रवारी दुपारी चौघे जमत. खिडकीबाहेर भंगाराने भरलेला एक ट्रक काट्यावर चढत होता.

गिरिधरराव भिंतीला टेकून बसले होते. हा वाद त्यांना तोंडपाठ झाला होता. विंध्यगर्भ कोलचा शेअर सकाळी पुन्हा घसरला होता. मोठ्या खाणीत पाणी शिरल्यापासून काम बंद होतं आणि आता मालकांनी स्वतःचे शेअर गहाण टाकल्याची बातमी होती.

“मालकालाच भरोसा न्हाई अन् आपण धरून बसायचं?” ज्योत्स्नाताई म्हणाल्या. त्या पंचायत समितीत नोकरीला होत्या आणि बोलण्याआधी नेहमी एकदा गिरिधररावांकडे बघत. “आता काय राह्यलं त्याच्यात? मला तर वाटतं—”

“ताई, तुमच्या घरी पंखा कशावर चालतो?” रायभानने त्यांचं बोलणं तोडलं.

“आमच्याकडं सोलर है.”

“अन् रात्री?”

टेम्पोवाला सुग्रीव हसला. “रात्री ताईंचे मिस्टर वारा घालतात.”

सगळे हसले. गिरिधररावही हसले, पण त्यांच्या मनात एकच गोष्ट होती. ताईंनी ते वाक्य पुरं करायला हवं होतं.

या शेअरचं नाव गिरिधररावांनीच सुचवलं होतं. रोलिंग मिलमध्ये त्यांनी सगळी नोकरी कोळसा खरेदीत काढली. ढेकूळ हातात घेऊन फोडलं की कोणत्या खाणीचं ते सांगत. निवृत्त झाल्यावर एकदा सहज म्हणाले, या कंपनीचा माल चोख असतो. तेवढ्यावर तिघांनी शेअर घेतले. त्यांनी स्वतः तर निवृत्तीच्या पैशातला मोठा वाटा लावला.

आणि या खोलीचा एक नियम होता. पूर्वी इथे येणाऱ्या एकाने बियाणे कंपनीचा शेअर सगळ्यांच्या गळ्यात मारला आणि स्वतः गुपचूप विकून मोकळा झाला. त्या भांडणानंतर ठरलं, ज्यानं नाव सुचवलं त्यानं सगळ्यांच्या शेवटी विकायचं. नियम गिरिधररावांनीच मांडला होता. तेव्हा तो त्यांना फार साधा वाटला होता.

घरी त्यांच्या पत्नीचे, अरुंधतीबाईंचे, दोन्ही गुडघे गेले होते. जिना त्या बसून, एकेक पायरी घसरत उतरत. मुलाकडे पैसे मागायचे नाहीत, हे त्यांचंच म्हणणं. पैसे शेअरमध्ये अडकल्याने ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली. “अहो, होईल हो सावकाश,” असं म्हणून त्या गुडघ्याला तेल लावत बसत आणि गिरिधरराव दर आठवड्याला शेअरचा भाव बघत. आज ते निघाले तेव्हा त्या जिन्याच्या मधल्या पायरीवर बसून राहिल्या होत्या. वर जाववत नव्हतं, खालीही उतरवत नव्हतं.

“काका गप्प बसलेत म्हंजे भाव येणार,” रायभान म्हणाला. “काका धरून है तंवर मी पण धरून है. मंग?”

गिरिधररावांनी कप खाली ठेवला.

“हा शेअर आता वर येत नाही,” ते म्हणाले. “मी चुकलो. तुम्ही माझ्या शब्दावर घेतलात, आता माझ्याच शब्दावर विका. बाजार बंद व्हायला थोडाच वेळ आहे. काढा फोन.”

कुणी फोन काढला नाही. रायभान खिडकीबाहेर बघू लागला. सुग्रीवने रिकामा कप उचलून तोंडाला लावला.

हट्टाला पेटलेत, गिरिधररावांना वाटलं. आवाज चढवायचं त्राणही त्यांच्यात उरलं नव्हतं. जे या खोलीत कधी बोलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, ते त्यांनी सांगून टाकलं. गुडघे, जिना, पुढे गेलेल्या तारखा. “तुमचं झाल्याशिवाय मला विकता येत नाही,” ते म्हणाले. “हात जोडतो. तोट्यात तर तोट्यात, पण आज मोकळे व्हा. मलाही मोकळं करा.”

ज्योत्स्नाताईंनी मान खाली घातली. पर्समधून फोन काढून त्यांनी तो गिरिधररावांपुढे धरला. त्यांच्या शेअरच्या यादीत विंध्यगर्भचं नाव नव्हतं.

“गणपतीतच विकले, काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या.

गिरिधररावांनी सुग्रीवकडे पाहिलं.

“मी ताईंच्या आधी विकल्ते,” सुग्रीव म्हणाला. “टेम्पोचे टायर घ्यायचे होते.”

रायभान अजून पाठमोराच होता. त्याला विचारावं लागलं नाही.

“सगळ्यात पहिले मीच विकले, काका. भाव चांगला होता तवा.”

बाहेर ट्रकवाल्याने हॉर्न दिला. कुणी उठलं नाही. गणपतीतला भाव गिरिधररावांना पक्का आठवत होता. त्या भावात दोन्ही गुडघे झाले असते.

“मग इतके दिवस इथे बसून ‘विकायचा नाही, विकायचा नाही’ म्हणून ओरडत कशाला होतास?”

रायभान वळला. त्याचा चेहरा पार उतरला होता.

“तुम्हाला वाईट वाटू न्हाई म्हणून,” तो म्हणाला.