तिसऱ्या कडव्यातला सूर

आठवडाभर चष्म्याच्या दुकानात काचा बसवणारे काका शनिवारी संध्याकाळी पबमधल्या बँडमध्ये बास गिटार वाजवायचे. गाणी दुसऱ्यांची आणि टाळ्या गाणारीला. कोपऱ्यातल्या टेबलावर काकू विणकाम घेऊन बसायच्या.

पहिल्याच कार्यक्रमानंतर काकांनी भीत भीत विचारलं होतं, "एवढ्या गोंगाटात माझं काही ऐकू आलं का गं?"

"आलं की! शेवटच्या गाण्यात चुकलात, तेव्हा आलं," काकू हसून म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून शेवटच्या गाण्याच्या तिसऱ्या कडव्यात काकांचा तोच सूर दर शनिवारी चुकायचा. ऐकणाऱ्यांत बाकी कुणाला पत्ताही लागत नसे. काकू मात्र सुया थांबवून चष्म्यावरून त्यांच्याकडे बघत आणि गालातल्या गालात हसत.

"काका, तिथे खड्डा आहे का हो? दर वेळी तिथेच कसे पडता?" ड्रमवाला चिडवायचा.

"बोट घसरतं रे, काय करू!" काका म्हणायचे.

काकू गेल्या. त्यानंतरच्या पहिल्या कार्यक्रमाला काका वेळेवर आले, नेहमीच्या जागी उभे राहिले. कोपऱ्यातल्या टेबलावर एक जोडपं मोबाइलमध्ये स्वतःचे फोटो काढत होतं. शेवटचं गाणं सुरू झालं. तिसरं कडवं आलं तसं काकांनी एकदा त्या टेबलाकडे पाहिलं आणि मान खाली घालून वाजवत राहिले.

गाणं संपल्यावर ड्रमवाल्याने मागून त्यांच्या पाठीवर थाप मारली.

 

"वा काका! आज एकदाचं जमलं की!"