भोंग्यातली बाई

पाटलाच्या गल्लीतल्या दुर्गाबाईंनी बाजारातल्या विहिरीच्या काठावरची घागर ढकलून दिली. घागर दगडावर आपटली, चेपली आणि गडगडत रस्त्यापर्यंत गेली. सुंदराबाईच्या हातात नुसता दोर राहिला.

"भोंग्यातल्या बाईनंच सांगतलं," सुंदराबाई म्हणाली. "सगळ्या गावकऱ्यांनी हेच पानी प्या म्हने."

"तुमाले नाही सांगतलं तिनं," दुर्गाबाई कडाडल्या. "चांगल्या घरची बाई हाये ते. आपन कोनाशी बोलून राहिलो, ते समजते तिले."

सुंदराबाईनं दोर गोळा केला. भोंग्यातली बाई तिची मुलगी होती. वच्छला.

त्या साली पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ साऱ्या मुलखात फिरत होती. तेल्हाऱ्याकडच्या या बाजाराच्या गावात ती शिरली, तेव्हा सरकारी डॉक्टरांनी ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर लागणारा नागपूर रेडिओचा कार्यक्रम बंद करायला लावला. गाणी आणि कापसाचे भाव नंतर ऐका, म्हणाले, आता गावाला गावाचंच सांगा. कोणती विहीर बंद, कोणती चालू, टोचून घ्यायला कुठं यायचं. माइकवर बोलायला त्यांना स्वच्छ वाचणारं माणूस हवं होतं. वच्छला अकोल्याच्या वसतिगृहात राहून मॅट्रिक झाली होती आणि नुकतीच घरी परतली होती. डॉक्टर तिला घेऊन थेट पंचायतीत गेले. सरपंच पंजाबरावांना डॉक्टरांपुढं नाही म्हणता आलं नाही. पण डॉक्टर बाहेर पडताच ते वच्छलाला म्हणाले, "नाव सांगाचं काही काम नाही. आन् मागच्या दारानं येत जाय."

माणसं मरत होती. वच्छला मागच्या दारानं जात राहिली.

गाव तिच्या आवाजावर चालू लागलं. तिनं पाणी उकळा म्हटलं की घरोघर चुली पेटत. डॉक्टरची बायको असेल, असं कोणी म्हणे. कोणी म्हणे, अकोल्याची मास्तरीण. नाल्यापलीकडच्या, सुंदराबाईच्या वस्तीच्या विहिरीत नाल्याचं पाणी झिरपत होतं, म्हणून डॉक्टरांनी ती फळ्या ठोकून बंद केली. औषध टाकलेली विहीर एकच उरली, बाजारातली. हेही वच्छलानंच सांगितलं होतं. सगळ्या गावकऱ्यांनी, असं स्पष्ट, थांबून.

सुंदराबाई चेपलेली घागर घेऊन घरी आली. आत वच्छलाची वहिनी पंचफुला सकाळपासून ओकत पडली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. ती पाणी मागत होती आणि घरात पाणी नव्हतं.

"काय झालं, माय?" वच्छलानं विचारलं.

सुंदराबाईनं सांगितलं. दुर्गाबाईंचं शेवटचं वाक्य तिनं दोनदा सांगितलं.

वच्छला उठली. पायात चपला घालायचंही तिला सुचलं नाही. भर बाजारातून, लोकांच्या देखत, ती पंचायतीच्या पुढच्या दारानं आत गेली. पंजाबराव खुर्चीत बसले होते. ते काही म्हणायच्या आत तिनं माइकचं बटण दाबलं. रोजची पुस्तकी भाषा तिच्या तोंडातून निघालीच नाही.

"आयका. रोज तुमच्याशी बोलनारी मी वच्छला. नाल्यापलीकडच्या वस्तीतल्या सुंदराबाईची पोरगी. आज जिची घागर फेकली, त्या सुंदराबाईची. माह्या आवाजानं तुमचे कान बाटले असतील, तं धुवून घ्या. आमी आता त्याच विहिरीवर येऊन राहिलो. कोनाची छाती असंल त्यानं अडवून दाखवा."

"बंद कर! बंद कर ते!" पंजाबराव ओरडले. तेही भोंग्यातून साऱ्या गावानं ऐकलं.

वच्छला थेट विहिरीवर गेली. भोंगा ऐकून वस्तीतल्या बायका आधीच निघाल्या होत्या. कोणी अडवलं नाही. बाजार नुसता बघत राहिला. सुंदराबाईनं चेपलेल्या घागरीनंच पाणी शेंदलं. दिवेलागणीच्या आत उकळून निववलेलं पाणी पंचफुलाच्या ओठाला लागलं. डॉक्टर सलाईन घेऊन आले, तेव्हा तिनं डोळे उघडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छला पुन्हा पाण्याला गेली. वस्तीतल्या बायका मोकळेपणानं पाणी शेंदत होत्या, हसतही होत्या. आपण जिंकलो, असं तिला वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की बाकी कोणीच आलेलं नाही. ना माळ्याच्या गल्लीतलं, ना पाटलाच्या. ती बाजाराच्या टोकापर्यंत गेली. खाली नदीच्या वाटेवर बायकांची रांग लागली होती, रिकाम्या घागरी घेऊन उतरणारी आणि भरलेल्या घेऊन चढणारी. चढणाऱ्यांत पुढं दुर्गाबाई होत्या. त्यांच्यामागून त्यांची सून चालली होती, कडेवर लेकरू घेऊन. त्याच नदीत चार दिवस आजाऱ्यांची लुगडी, गोधड्या धुतल्या जात होत्या.

"विहीर बाटली म्हनतात," मागून येऊन सुंदराबाई म्हणाली. ती थुंकली. "जाऊ दे. मरू दे त्याइले."

हेच शब्द रात्रभर वच्छलाच्याही मनात होते. ती नुसती गप्प बसली असती, तरी पुरे होतं. बाकीचं नदीनं केलं असतं.

सुनेनं वाटेत थांबून घागर खाली ठेवली. ओंजळ भरली आणि लेकराच्या तोंडाशी नेली.

वच्छला पळाली. पंचायतीचं दार उघडंच होतं. तिनं बटण दाबलं.

"बायहो," ती ओरडली, "घागरी उपड्या करा! लेकराइले ते पानी पाजू नका! बाटल्यानं कोनी मरत नाही वं!"