तोल कोणाचा गेला

‘वार्धक्यामुळे हात कापत असल्याने व आवाक्याबाहेरचे इंजिन निवडल्याने सभासदाचा तोल गेला आणि विमान कोसळले. यंदाची ही तिसरी घटना. सबब सभासदाने उड्डाण कायमचे थांबवावे.’

रेडिओवर चालणाऱ्या छोट्या विमानांच्या क्लबचा हा चौकशी अहवाल. लेखक, सचिव चिन्मय. तोल माणसाचाही जातो आणि विमानाचाही, एवढा फरक त्याच्या मराठीला पेलला नव्हता.

त्यावर सही घ्यायला क्लबमधली प्रणिता विद्यानगरला त्या सभासदाकडे, हिंमतरावांकडे, आली होती. इतिहासाचे हे निवृत्त प्राध्यापक एकटेच राहत. विमान बांधायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. टेबलावर आठ कप मांडून ठेवले होते; आली होती ती एकटी.

तिने अहवाल पुन्हा वाचला आणि तिचा राग थंड, धारदार होत गेला. हात कापतात? त्यांनी काठोकाठ भरलेला चहा बशीत थेंब न सांडता तिच्यापुढे ठेवला होता. इंजिन? पंखांच्या मापाला तेच हवं होतं. त्याहून लहान बसवलं असतं तर विमान जमिनीवरच रांगलं असतं. शिवाय जड इंजिन नाक खाली ओढतं. रविवारी तर सगळ्यांदेखत विमानाने नाक आभाळाकडे केलं, ते हवेत अडखळलं आणि गिरक्या घेत पडलं. चौकशी समिती बहुधा डोळे घरी ठेवून आली होती.

“राहू दे पोरी,” हिंमतराव म्हणाले. “म्हातारपण लिहिलंय ना? वो तो सच्चीच है. आण इकडे, सही करतो.”

“सही केलीत तर रविवार संपले, सर.”

त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

पडलेलं विमान कोपऱ्यात होतं. नाक चेपलं होतं, बाकी सारं शाबूत. प्रणिताने पंखांखाली दोन बोटं लावून ते उचललं. रीत त्यांचीच: टाकी रिकामी ठेवून तोल बघायचा, नाक किंचित झुकलं पाहिजे. झुकली ती शेपटी, आणि चांगलीच. तिने शेपटीवरचं आवरण नखाने सोलून काढलं. आत शिशाचे तीन तुकडे होते. एका रेषेत, काळजीपूर्वक चिकटवलेले.

“हे कुणी केलं, सर? नाव सांगा. आज त्याला उभा करते समितीसमोर.”

हिंमतरावांनी तिच्या हातून अहवाल घेतला. ‘सभासदाचे म्हणणे’ या शीर्षकाखालची जागा चिन्मयने कोरी ठेवली होती. तिथे त्यांनी वळणदार अक्षरात, एकदाही न थांबता लिहिलं:

‘शिसे मीच भरले. तिन्ही विमाने मीच पाडली. विमान नीट उडाले की मंडळी टाळ्या वाजवून आपापल्या घरी जातात. पडले की दुरुस्तीला माझ्या घरी येतात.’