झाराला कुठली गोणी?

अकरा वाजायच्या आतच झारा खाली बसली. ऐन हंगामात, ओकच्या मुळाशी, ओल्या पाचोळ्यात. ग्वेरीनोने शीळ घातली, चुचकारलं, खिशातला चीजचा तुकडा तिच्या नाकाशी धरला. झाराने चीज खाल्लं, पुढच्या पायांवर डोकं टेकलं आणि डोळे मिटले.

इस्त्रियाच्या या जंगलात पांढरं ट्रफल वीतभर जमिनीखाली दडून बसतं. सोन्याच्या भावाचं ते अळंबं, पण माणसाच्या नाकाला त्याचा पत्ता लागत नाही. कुत्री बसली की घर बसलं. शिवाय झारा नुसती कुत्री नव्हती. पोरं जर्मनीला गेल्यापासून ग्वेरीनो या एकाच जिवाशी खरं बोलायचा.

बाकीच्यांशी खोटं बोलणं हा ट्रफलवाल्यांचा धर्मच. जंगलात जायचं तर गाडी आधी समुद्राकडे काढायची आणि तिसऱ्या वळणावरून मागे फिरवायची. ओढ्याच्या डावीकडे माल सापडला तर उजवीकडे म्हणून सांगायचं. चर्चमध्ये पापं कबूल करतानासुद्धा झाडाची जात बदलायची. देवाला खरं ठाऊक असतंच, पाद्र्याला कशाला कळायला हवं?

जनावरांची डॉक्टर नीवेस हिने झाराला नाकापासून शेपटीपर्यंत तपासलं.

"हिला काही झालेलं नाही, काका. दिवसभर डोंगर तुडवते, आणि तुम्ही घालताय घरात लोळणाऱ्या कुत्र्याचं खाणं. त्या हिरव्या गोणीत प्रोटीन अठरा टक्के. हिला लाल गोणी आणा, तीस टक्केवाली. महिन्याभरात पळायला लागेल."

"बरं," म्हणून ग्वेरीनो घरी आला आणि विचार करत बसला. हा माणूस विचार करायला बसला की त्याच्या बायकोला, फूमियाला, धडकी भरायची.

"नीवेस कोणाची सून?" त्याने विचारलं.

"झ्वानेची. लग्नात तूच तर नाचला होतास."

"आणि पलीकडच्या उतारावर ट्रफल कोण काढतं? झ्वाने! त्याची सून मला फुकट खरं सांगेल होय?"

"फुकट कुठे? फी दिलीस ना."

"तेच तर! फी घेऊन खोटं बोलते."

तरी खात्री करून घ्यावी म्हणून तो झ्वानेच्या घरावरून चक्कर मारून आला. कुंपणावर लाल रंगाची रिकामी गोणी लटकत होती. ग्वेरीनो हसत हसत परतला.

"मला दिसावी म्हणून टांगलीय! ट्रफलवाला खरी वस्तू कधी उघड्यावर ठेवतो का?"

"अरे, पावसात भिजली असेल, म्हणून वाळत घातली."

"घ्या! तूही फसलीस."

झाराच्या ताटलीत हिरव्या गोणीचंच खाणं पडत राहिलं. वर एक मूठ जास्त, मायेची. तिचं पोट सुटलं आणि पाय मात्र काड्यांसारखे झाले. दहा वाजता बसायची, मग नऊ वाजता बसायला लागली. खानावळीत झ्वाने सगळ्यांसमोर म्हणाला, "ग्वेरीनो, ती कुत्री आहे की उशी? दे मला, सोफ्यावर शोभेल."

"पाय मुरगळलाय तिचा," ग्वेरीनो म्हणाला. त्या दिवशी त्याने वाइनचा पेला अर्धाच ठेवला.

गुरुवारी तर तिला खांद्यावर घेऊन डोंगर उतरावा लागला. सहासष्ट वर्षांचा गडी, चिखलात दोनदा घसरला. खालून बघणाऱ्याला वाटलं असतं, कोणी मेंढी चोरून नेतोय. फूमिया दारात उभी होती. तिने दोघांकडे एकदा नीट बघितलं. शाल घेतली आणि पाव आणायला म्हणून बाहेर पडली. पावाला तिला दोन तास लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नीवेसचा फोन आला.

"काका, चुकलं माझं." तिचा आवाज चांगलाच कापत होता. "लाल गोणी अजिबात नको. हिरवीच द्या. प्रोटीन जितकं कमी, तितकं बरं."

ग्वेरीनोने फोन ठेवला आणि मांडीवर थाप मारली. "सापडली! आपण हिरवीच घालतोय हे झ्वानेला कळलंय, आणि आता आपल्याला तिथेच अडकवून ठेवायचंय. आवाज बघ कसा कापत होता! खोटं बोलायचीसुद्धा अक्कल नाही बाईला."

"मग रे आता?" फूमियाने कणीक मळता मळता विचारलं.

"मग काय? लाल!"

दुकानात जाऊन त्याने दोन लाल गोण्या उचलल्या. अर्थात दुकानदाराला सांगितलं, मेव्हण्याच्या कुत्र्यासाठी हव्यात.

महिना उलटला आणि झारा त्यालाच डोंगरावरून ओढत न्यायला लागली. उन्हं कलली तरी खाली यायचं नाव घेईना. एका सोमवारी तिने मुठीएवढं ट्रफल उकरलं आणि ग्वेरीनोने चिखलातच तिच्या नाकाचा मुका घेतला. मग तडक नीवेसच्या दवाखान्यात गेला. माणसाने जिंकावं आणि हरलेल्याला सांगू नये, असं कसं चालेल?

"डॉक्टरीणबाई, तुमचं ऐकलं असतं तर माझी कुत्री आज मेली असती!"

"फसले बाई मी," नीवेसने मान खाली घातली. या खेपेला आवाज जरासुद्धा कापला नाही. "पण आता एवढं तरी ऐका, काका. हंगाम संपला, झारा दिवसभर चुलीपाशी लोळायला लागली, तरी लालच चालू ठेवा. दुप्पट द्या."

"हो, हो. दुप्पटच देतो," ग्वेरीनो म्हणाला आणि मिशीत हसत बाहेर पडला.

दार लागल्यावर नीवेसने फोन उचलला.

"मावशी, झालं काम. हंगाम संपला की हिरवी आणतील बघा."

"देव तुझं भलं करो, पोरी," पलीकडून फूमिया म्हणाली. "आता आणखी एक कर. त्याला सांग, खारवलेलं मांस रोज पोटभर खा, सिगारेट सोडू नकोस आणि रक्तदाबाच्या गोळ्या फेकून दे."

"अहो मावशी, मी जनावरांची डॉक्टर आहे!"

"म्हणून तर तुलाच सांगतेय."