दुसरं वाक्य

बंडाबर्गच्या त्या घरात बोलकी डबी आली आणि नोरीनच्या अंगाचा तिळपापड होऊ लागला. तिच्या नवऱ्यानं, क्लाइव्हनं, म्हणायचं, "पंखा लाव," डबीतल्या बाईनं तो लावायचा, आणि यानं मधाळ आवाजात म्हणायचं, "थँक्यू गं, राणी!"

"इतकी वर्षं पंखा कोण लावत होतं रे?" नोरीन फणकारली.

"अगं, यंत्र आहे ते. यंत्रावर काय जळतेस?"

"मी कशाला जळू त्या टवळीवर! चहा करता येतो का तिला?"

"चहाला तू आहेस की."

व्हरांड्यातल्या पिंजऱ्यात बावीस वर्षांचा काकाकुवा होता. रोज कानावर पडेल तेवढंच तो बोलायचा, तेही हुबेहूब क्लाइव्हच्या आवाजात. तोवर त्याला एकच वाक्य येत होतं: "नोरीन, चहा कुठाय?"

डबी येऊन तीन आठवडे झाले. काल सकाळी व्हरांड्यातल्या टेबलावर चहा ठेवून नोरीन आत वळली, तोच मागून आवाज आला, "थँक्यू गं, राणी!" तिचा चेहरा खुलला. लगबगीनं ती मागे फिरली.



क्लाइव्ह अजून अंघोळीलाच होता. बावीस वर्षांनी काकाकुवा दुसरं वाक्य शिकला होता.