गाडी सुटताना

पांढुर्ण्याच्या फलाटावरून गाडी सुटताना आजारी बा खिडकीतून काहीतरी ओरडला होता. आवाज बाचाच, एवढं फलाटावर उभ्या कुसुमला कळलं. शब्द मात्र पाण्यात ढेकूळ विरघळावं तसे त्या गलक्यात विरघळले. नागपूरच्या दवाखान्यातून बा परत आलाच नाही. सोबत गेलेली थोरली प्रमिला आली, ती तोंड फिरवूनच.

"ताई, बा काय म्हणत होता वं?"

"तुले माहीत हाय," एवढंच ती दरवेळी बोलायची.

कैक वर्षांनी, कामावर कापसाच्या जिनिंगच्या खडखडाटात कुसुम हाकेला ओ देत नाही म्हणून मुकादमानं तिला कानाच्या डॉक्टरकडे धाडलं. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून प्रमिला सोबत गेली.

"कान चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले. "फक्त गलक्यात हिला शब्द वेगळे ऐकू येत नाहीत. काही जणांचं जन्मापासून असतं असं."

बाहेर येताच प्रमिला पायरीवर थांबली. तिनं कुसुमचा हात घट्ट धरला.

"मले वाटलं, तू ऐकूनही नाही आली. बा म्हणून राहिला होता, 'कुसुम, चढ गाडीत, मले भेव लागते.' अन् तू हासून हात हालवून राहिली होती वं, माय!"